‘नेटवर बघ की एखादं सेंटर’

गेल्या महिन्यात तीन जणांनी मला हेच विचारलं, व्यसन सोडवायचं एखादं सेंटर सांग. एक आमच्या गल्लीतल्या काकू, एक माझ्याबरोबर कामाला असलेला मित्र, आणि एक तर असा की ज्याच्याशी मी दहावीनंतर बोललोच नव्हतो, रात्री साडेअकराला मेसेज, "अरे तुझ्या मामाचं ते दारूचं कुठं केलं होतं, नंबर आहे का." तिघांनाही मी मोठमोठे मेसेज टाइप करून पाठवले आणि तिघांनाही वाटलं मी काहीतरी लपवतोय, कारण त्यांना पाहिजे होतं एक नाव, एक पत्ता आणि एक रेट. ते तसं नसतंय हे व्हॉट्सअॅपवर किती सांगणार, म्हणून आता सगळं इथंच लिहून टाकतो. मामाला विचारून लिहितोय. तो म्हणाला, "नाव टाकू नको, बाकी काय लिहायचं ते लिही, निम्म्या सोलापूरला माहितीये."

तर मामा म्हणजे आईचा सख्खा धाकटा भाऊ. सोलापूरच्या पूर्व भागात टॉवेलच्या कारखान्यात जन्म गेला त्याचा, आधी लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, मग लूमची देखभाल करणारा जॉबर झाला. लूमच्या खडखडाटात राहून कानाला कमी ऐकू येतं म्हणून बोलतो मोठ्यानं, आणि घेतली की अजून मोठ्यानं. आधी पगाराच्या दिवशी ताडी, मग रोज संध्याकाळी ताडी, मग देशी, आणि शेवटची दोन-तीन वर्षं तर सकाळी उठल्या उठल्या थोडी पोटात गेल्याशिवाय चहा तोंडापर्यंत जायचा नाही, कप उचलला की निम्मा बशीत. मामी मग स्टीलच्या तांब्यात अर्धाच चहा द्यायची म्हणजे सांडणार नाही. आम्ही म्हणायचो वय झालं. वय ५१.

मामीचा फोन आला, "तू शिकलेला आहेस, नेटवर बघ की एखादं सेंटर." मी बघितलं. ‘सोलापूर व्यसनमुक्ती केंद्र’ टाकलं की काय काय येतं ते ज्यांनी टाकलंय त्यांना माहिती. निम्मे नंबर सोलापूरचे नसतातच. पलीकडून गोड आवाज, "सर, पेशंट आत्ता घरी आहे का, आम्ही गाडी पाठवतो." किती पितो, किती वर्षं पितो, शुगर आहे का, आधी कधी फिट आलीये का, एकानंही विचारलं नाही. पेशंट घरी आहे का, आणि अॅडव्हान्स कोण भरणार, एवढंच. मला तेव्हा ते चांगलं वाटलं, म्हटलं किती तत्पर लोक आहेत.

घरात बैठक बसली. सगळ्यांचं एकच मत, लांब टाका. इथं नको, इथं कुणाला कळायला नको, पोरीचं लग्न व्हायचंय. म्हणून दुसऱ्या जिल्ह्यातलं हायवेला असलेलं एक सेंटर ठरलं, नाव घेत नाही. रात्री दहाला गाडी आली, चार दांडगी पोरं उतरली आणि मामाला खांद्याला धरून नेलं. मामा बोंबलत होता, गल्लीतली झाडून सगळी दारं उघडली. म्हणजे कुणाला कळू नये म्हणून लांब टाकला आणि नेतानाच अख्ख्या गल्लीला दाखवून नेला. मामी दारात उभी होती, हातात त्याची चप्पल, ती द्यायची राहिली.

तीन महिने. महिन्याला १५ हजार, शिवाय ‘औषधाचे वेगळे’. भेटायला पहिला महिना बंदी. फोनवर बोलायला द्यायचे ते स्पीकर ऑन करून, शेजारी कोणीतरी उभं. तिथं डॉक्टर होते का? फ्लेक्सवर होते. आल्यावर मामा बारा किलो उतरला होता आणि उजव्या मनगटाला काळा वळ होता, त्याबद्दल तो आजपण नीट बोलत नाही. चौथ्या दिवशी प्याला. मी सेंटरला फोन केला तर म्हणाले, परत पाठवा, दुसऱ्या वेळेला कन्सेशन देतो.

हे नंतर कळलं, आधी कळायला पाहिजे होतं. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आहे, त्यात दारू आणि ड्रग्जमुळं होणारे मानसिक आजारही येतात. अशा पेशंटला भरती करून ठेवणाऱ्या संस्थेची राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडं नोंदणी लागते. पेशंटच्या मर्जीविरुद्ध भरती करायची वेळ आलीच तर त्याला ठरलेली पद्धत आहे, दोन तज्ज्ञांनी वेगवेगळं तपासायचं, त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ पाहिजेच, जिवाला धोका वगैरे कारण पाहिजे, आणि मुदत ३० दिवस, ती वाढवायची तर पुन्हा तपासणी. साखळीनं बांधणं तर सरळसरळ बंदी. म्हणजे बायकोनं फोन केला आणि गाडी येऊन उचलून घेऊन गेली ही उपचाराची पद्धत नाही, आणि आम्ही तिचे ४५ हजार वर मोजले. आता मला कुणी सेंटरचं नाव विचारलं की मी उलट सांगतो, आधी जाऊन या, नोंदणीचा कागद बघायला मागा, मानसोपचारतज्ज्ञ कोण आहे आणि आठवड्यातून किती वेळा येतो ते विचारा, आणि पहिल्या आठवड्यात पेशंटला भेटू देणार का ते विचारा. हे विचारल्यावर जो चिडतो त्याच्याकडून सरळ उठून या.

दुसरा घोळ मामीनं केला, म्हणजे केला आमच्या सगळ्यांच्या संमतीनं. शेजारच्या एका बाईच्या नवऱ्याला कधीतरी डॉक्टरनं दारू सोडायच्या गोळ्या दिल्या होत्या, डायसल्फिराम, त्याची अर्धी स्ट्रिप उरली होती. ती म्हणाली चहात कुस्करून दे, त्याला कळणार पण नाही. मामीनं तीन दिवस दिली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मामा नेहमीसारखा घेऊन आला आणि जेवायला बसला. कडक भाकरी चुरून त्यावर आमटी घेतली होती, मला अजून ते ताट दिसतंय, आणि एकदम तोंड लालभडक, मानेपर्यंत लाल, छाती धरली आणि ताटातच उलटी. घाम नुसता गळत होता. जवळच्या डॉक्टरकडं नेलं तर बीपी लागेना पटकन. डॉक्टरनं विचारलं काही गोळ्या चालू आहेत का, आम्ही सगळे गप्प, मग मामीनं पदरातून स्ट्रिप काढली.

त्यांनी तिथंच झापलं, आणि समजावून पण सांगितलं. दारू शरीरात गेली की तिचं आधी एक विषारी द्रव्य होतं आणि मग पुढं त्याचा निचरा होतो, ही गोळी तो निचराच अडवते. त्यामुळं प्यायलं की असं होतं. गोळी चांगलीच आहे, कित्येकांची दारू तिच्यावर सुटलीये, पण पेशंटला माहिती असलं पाहिजे की मी गोळी घेतोय आणि आता प्यायलो तर मरायची वेळ येईल. गोळी बंद केल्यावरपण दोन आठवड्यांपर्यंत असर राहू शकतो. न सांगता देणं म्हणजे औषध नाही, विषप्रयोग, हा त्यांचा शब्द. एसटी स्टँडच्या भिंतीवर ‘पेशंटच्या नकळत दारू सोडवा’ अशी पेंट केलेली जाहिरात दिसली की मला आता ते ताट आठवतं.

तिसरी वेळ मामाची स्वतःची. नारळी पौर्णिमेला पूर्व भागात मार्कंडेयाचा रथ निघतो, कारखाने बंद असतात, सगळा भाग रस्त्यावर असतो. आम्ही पद्मशाली, म्हणजे इथल्या तेलुगू विणकर समाजातले, नाही पण मामाचं सगळं आयुष्य त्याच लोकांत गेलंय, तो दरवर्षी रथाला जातो. त्या वर्षी रथासमोर शपथ घेऊन आला, आजपासून बंद. आणि खरंच बंद केली. आम्ही किती खूश, मामीनं गोड केलं. दुसऱ्या दिवशी हात जास्तच थरथरायला लागले, झोप नाही, घाम. आम्ही म्हटलं होणारच की, विष बाहेर पडतंय, लिंबूपाणी द्या. तिसऱ्या रात्री मामी उठली तर मामा अंधारात भिंतीकडं तोंड करून उभा आणि दोन्ही हातांच्या बोटांनी हवेत गाठी मारतोय. तुटलेलं सूत जोडत होता. चिमटीत धागा पकडायचा, दुसऱ्या हातानं टोक ओढायचं, पिळायचं, सोडायचं, की पुढचा धागा. सगळं अगदी बरोबर, तीस वर्षांची सवय, फक्त तिथं ना लूम होता ना सूत. मध्येच ओरडायचा, "लाइट गेली, मशीन बंद करा." मामीला म्हणाला, "तू कोण?"

मला वाटलं भूतबाधा म्हणणारे निघतील घरात, आणि निघालेच, पण सुदैवानं रिक्षा आधी आली. रात्री दोनला सिव्हिल. तिथल्या कॅज्युअल्टीत तरुण डॉक्टर होती, माझ्यापेक्षा लहान असेल, तिनं मामाकडं एकदा बघितलं आणि पहिला प्रश्न, "शेवटची कधी घेतली?" मी म्हटलं सोडलीये मॅडम, परवापासून एक थेंब नाही. "तेच तर," ती म्हणाली. मग दुसरा प्रश्न, नुसती दारू की ताडीपण? मला कळेना याचा काय संबंध. संबंध असा की भेसळीच्या ताडीत क्लोरल हायड्रेटसारखी झोपेची रसायनं मिसळतात, आणि ती अचानक बंद झाली तरी शरीर तसंच उसळतं.

नंतर वॉर्डात एका सीनियर डॉक्टरनं सांगितलं ते माझ्या भाषेत सांगतो. दारू हा मेंदूवर लावलेला ब्रेक. वीस वर्षं ब्रेक दाबून गाडी चालवली तर मेंदू जास्त अॅक्सिलरेटर द्यायला शिकतो. एक दिवस ब्रेकवरचा पाय काढला की गाडी सुसाट. शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांत थरथर चालू होते, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दोन ते चार दिवसांच्या मध्ये हे असं, भास, घाम, ताप, माणसं ओळखू न येणं, याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि उपचार नाही मिळाले तर माणूस जातो. आपल्याकडं समज काय, पिण्यानं माणूस मरतो. जुन्या पिणाऱ्यानं एकदम सोडल्यानंपण मरू शकतो हे मला ३२ व्या वर्षी कळलं. म्हणून शपथ, जपमाळ, गंडा काय घालायचं ते घाला, माझा विरोध नाही, पण ज्याचे हात सकाळी थरथरतात त्यानं आधी डॉक्टर गाठायचा आणि मग शपथ घ्यायची, या क्रमानं.

औषधं फार भारी नव्हती. मेंदूला शांत करणारी इंजेक्शनं, मग त्याच्याच गोळ्या, रोज थोड्या थोड्या कमी करत नेल्या, आणि बी-वन व्हिटॅमिनचं इंजेक्शन, ते ग्लुकोजच्या आधी द्यायचं असतं कारण दारूवाल्याच्या शरीरात बी-वन संपलेलं असतं आणि तसंच ग्लुकोज चढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. हे मुद्दाम लिहितोय, कारण आपल्याकडं पेताड माणूस मलूल पडला की गल्लीतला पहिला उपाय सलाइन. चौथ्या दिवशी मामानं मला नावानं हाक मारली. "काय बे, कामावर नाही गेलास?"

इथून पुढचं मला जास्त महत्त्वाचं वाटतं पण सांगायला कमी मजेशीर आहे. आठव्या दिवशी डिस्चार्ज झाला आणि चिठ्ठी दिली, मानसोपचार ओपीडीला दाखवा. आम्हाला वाटलं झालं, सुटली. डॉक्टर म्हणाले अजून सुरुवातपण नाही झाली, हे फक्त विष उतरवलं. मग चालू झाली ओपीडी. आधी दर आठवड्याला, मग पंधरा दिवसांनी, आता महिन्यातून एकदा. सिव्हिल म्हणजे वैशंपायन मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल, तिथं मानसोपचाराचा वेगळा विभाग आहे, केस पेपर काढायचा, रांगेत थांबायचं, सकाळी लवकर गेलेलं बरं. रांगेत कुणी ओळखीचं भेटेल ही भीती पहिल्या दिवशी मामीला होती. भेटलंच. कारखान्यातलाच एक विणकर, पोराला घेऊन आला होता. दोघं एकमेकांकडं बघून आधी छताकडं बघायला लागले आणि पंधरा मिनिटांनी तंबाखू मळत गप्पा मारत होते.

तंबाखूवरून आठवलं, समुपदेशन करणाऱ्या मॅडमनी मामीला सहज विचारलं, तुम्हाला काही व्यसन? मामी एकदम फणकारली, मला कशाला असेल. दातांकडं बघून मॅडम म्हणाल्या, मिश्री? ती तंबाखूच हो मावशी. त्यासाठी वेगळी मोफत क्विटलाइन आहे, १८००-११-२३५६. मामीनं नंबर लिहून घेतला, फोन केला नाही, पण मामा आता भांडणात तेच काढतो.

औषधाचं म्हणाल तर ओढ कमी करायच्या गोळ्या असतात, नाल्ट्रेक्सोन, अॅकॅम्प्रोसेट अशा नावांच्या. कुणाला कुठली द्यायची ते लिव्हर-किडनीच्या रिपोर्टवर ठरतं, म्हणून शेजारच्याची स्ट्रिप आपल्याला चालत नाही हे आता आम्हाला पाठ झालंय. मध्ये दोन-तीन महिने आम्ही प्रायव्हेट मानसोपचारतज्ज्ञाकडंपण गेलो, कारण मामाची कारखान्याची शिफ्ट आणि ओपीडीची वेळ जुळेना. गोळ्या त्याच. फरक काय, तर अपॉइंटमेंट संध्याकाळची मिळते, बसायला खुर्ची मिळते आणि डॉक्टर जरा जास्त वेळ बोलतात. त्याचे पैसे असतात आणि ज्याला परवडतंय त्यानं जरूर जावं. पण फुकटचं म्हणजे दुय्यम आणि महागाचं म्हणजे खरं, हे डोक्यातून काढा. आमच्या घरात सगळ्यात महाग उपचार होता तो हायवेवरचा.

आणि सोलापुरात पिणारे काय कमी आहेत का. मुळेगाव तांड्याची हातभट्टी जिल्ह्यात कुणाला माहिती नाही? २०२१ मध्ये ग्रामीण पोलिसांनी ऑपरेशन परिवर्तन काढलं, तेव्हा तेजस्वी सातपुते एसपी होत्या, नुसत्या धाडी न टाकता गाळणाऱ्यांना दुसऱ्या धंद्याला लावायचं अशी कल्पना. मामाचं त्यावरचं मत, "गाळणाऱ्यांचं परिवर्तन झालं, पिणाऱ्यांचं कोण करणार." एम्सनं देशभर केलेला एक सर्व्हे २०१९ मध्ये आला होता, त्यात दारूच्या पुरत्या आहारी गेलेल्या ३८ जणांत एकालाच काहीतरी उपचार मिळालेले, आणि भरती होऊन उपचार घेतलेला १८० मध्ये एक. मामाला हा आकडा सांगितला तर खूश झाला, १८० मध्ये पहिला आला म्हणून.

ज्यांना घरबसल्या सुरुवात करायचीये त्यांनी १४४४६ ला फोन करा, केंद्र सरकारची नशामुक्तीची हेल्पलाइन आहे, फुकट आहे, बोलूनही घेतात आणि सरकारी मदतीवर चालणारं जवळचं केंद्र कुठलं तेपण सांगतात. अशी केंद्रं संस्था चालवतात आणि पैसे सामाजिक न्याय मंत्रालयाकडून येतात, तिथं राहून मोफत उपचार होतात. समाजकल्याण ऑफिसातपण याची चौकशी करता येते. दुसरा नंबर १४४१६, टेली-मानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात. हा नंबर मी मामीसाठी घेतला होता. पिणाऱ्याला सगळे विचारतात, त्याच्या बायकोला रात्री तीनला कोण विचारतं? ती एकदा चाळीस मिनिटं बोलली त्या लोकांशी, काय बोलली ते मी विचारलं नाही.

पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचं नाव प्रत्येकजण सुचवतो आणि त्यात चूक काही नाही. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये चालू केलं, पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानची मदत होती, ३५ दिवसांचा कोर्स असतो. घरात राहून जमतच नाही, घरातलं वातावरणच तसं आहे, आजूबाजूला सगळे पिणारे, अशांनी सकाळची पुण्याची हुतात्मा एक्सप्रेस पकडावी आणि जावं. आमचंपण जवळपास ठरलं होतं. पण मामाची रजा, त्यात पोरीचं लग्न ठरलं आणि इकडं ओपीडीचा जम बसला होता, म्हणून राहिलं. फक्त एक, ३५ दिवसांनी माणूस परत सोलापूरलाच येणार आहे, त्याच गल्लीत, त्याच दुकानावरून. तेव्हा तिकडं नाव घालतानाच इकडचा डॉक्टर कोण ते ठरवून ठेवा.

कामावरच्या मित्राचं प्रकरण वेगळं, त्याचा भाऊ २२ वर्षांचा आणि दारू नाही, एमडी, म्हणजे मेफेड्रोन नावाचं ड्रग. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये चिंचोळी एमआयडीसीत एमडीचा कारखाना पकडला तेव्हा आपण सगळे पेपर वाचून हळहळलो होतो, आता पोरांची नावं ओळखीची निघायला लागली. त्याला मी जे ओपीडीत ऐकलं ते सांगितलं, की एमडीवर दारूसारखी ओढ कमी करणारी ठरलेली गोळी नाही, झोप, संशय, चिडचिड यांवर औषधं देतात आणि बाकी सगळं समुपदेशन आणि सातत्य. त्याची खरी भीती पोलिसांची होती, दवाखान्यात नेलं तर केस होईल. उपचाराला आलेल्या पेशंटची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. आणि एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात ६४अ कलम आहे, स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचाराला जाणाऱ्या व्यसनी माणसाला सेवनाच्या किंवा अगदी थोड्या मालाच्या केसमध्ये खटल्यातून सूट मिळू शकते, पण उपचार पूर्ण करायला लागतात. विकणाऱ्याला हे लागू नाही. तो म्हणाला विकत नाही. बघू.

मामा एएच्या मीटिंगलाही जातो, अल्कोहोलिक्स अनॉनिमस. १९३५ मध्ये अमेरिकेत दोन पिणाऱ्यांनी एकमेकांना सावरत चालू केलेली ही गोष्ट, आणि आमचा मामा शाळेच्या रिकाम्या वर्गात तिसरीतल्या पोरांच्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसतो. फी नाही, रजिस्टर नाही, अट एकच, सोडायची इच्छा पाहिजे. पहिल्या दिवशी मी सोबत गेलो होतो, एकजण उठून बोलला, बँकेत मोठ्या पदावर होता, आणि मामा माझ्या कानात, म्हणजे त्याच्या मते कानात, म्हणाला, "हा पण?" सगळा वर्ग हसला. घरच्यांसाठी अल-अॅनॉन म्हणून वेगळ्या मीटिंग असतात. मामी एकदा जाऊन आली, म्हणाली सगळ्या बायकांचं माझंच चाललंय.

आता खरं ते सांगतो, मामा मध्ये घसरला. पाच महिने कोरडा होता आणि गड्ड्याच्या यात्रेत, म्हणजे जानेवारीतल्या सिद्धेश्वराच्या यात्रेत, अक्षता सोहळ्याच्या दिवशी, नंदीध्वज बघून येतो म्हणून गेला आणि रात्री नऊला आला तो बोलण्यावरूनच कळलं. मामी काही बोलली नाही, ताट वाढलं. मला फोन केला तेव्हा रडत होती, सगळं पाण्यात गेलं, आता परत ती गाडी बोलवायची का म्हणाली. मीपण रात्रभर झोपलो नाही. सकाळी सातला गेलो तर मामा अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून दारात, हातात सिव्हिलची फाइल, दुधाच्या पिशवीत घातलेली. "तारीख पुढच्या आठवड्यात आहे पण आजच जाऊन येतो, डॉक्टर म्हणाले होते पाय घसरला की लगेच ये, लपवू नको." अशोक चौकातून शेअर रिक्षा, वीस मिनिटं. दुसऱ्या जिल्ह्यात असतं तर ते वीस मिनिटांवर नसतं, आणि त्या सकाळचं त्याचं ते धाडस दुपारपर्यंत टिकलं नसतं, हे तो स्वतःच म्हणतो.

डॉक्टर रागावले नाहीत म्हणे. विचारलं किती घेतली, कुणाबरोबर, जेवण झालं होतं का, गोळी त्या दिवशी घेतली होती का. नव्हती घेतली, यात्रेच्या गडबडीत. मग गोळीची वेळ बदलली, रात्रीऐवजी सकाळच्या चहाबरोबर. तेव्हापासून नाही प्यायला, मोजतो तो, मी मोजत नाही. पोरीच्या लग्नात वरातीत नाचला पण, तेपण लिंबू सरबतावर, आणि व्याह्यांनी आग्रह केला तेव्हा म्हणाला, "माझी कोटा सिस्टिम होती, कोटा संपला."

परवा त्या दहावीच्या मित्राला आणि त्याच्या वडिलांना घेऊन मामाच ओपीडीला गेला, मला सुट्टी नव्हती. मित्राचे वडील रिक्षात बसेनात. मामा म्हणे त्यांच्या शेजारी जाऊन बसला, काही बोलला नाही, नुसता आपला हात पुढं धरला, सरळ, पालथा. "हा बघा. आधी चहा धरता येत नव्हता." म्हाताऱ्यानं हाताकडं बघितलं, स्वतःच्या हाताकडं बघितलं, आणि म्हणाला, "येताना लवकर सोडतील ना? मला दुपारी काम आहे."